पहाटेचं झाकण

आमच्या घरी पाहुणे आले की आधी नाकाला रुमाल लावत आणि मग पाणी मागत. आम्हाला त्याचं नवल वाटायचं. "कसला वास?" असं आम्ही अगदी मनापासून विचारायचो. मोरिवली गावाच्या शेवटाला, जनाबाय नावाच्या गाववाल्या बाईच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो आणि मागच्या दारापासून पंधरा पावलांवर एमआयडीसीच्या कारखान्यांची भिंत सुरू होत होती. सकाळी आंबूस, दुपारी जळक्या गुळासारखा, संध्याकाळी कुजक्या अंड्यासारखा असे वास ठरलेले असत, आणि आई त्यांच्यावर स्वयंपाकाची वेळ बांधायची. गुळाचा वास सुरू झाला की वालाचं बिरडं चुलीवरून उतरायचं. सुकट भाजायची ती मात्र मुद्दाम अंड्याच्या वासाच्या वेळी. म्हणायची, नावं ठेवायची तर लोकांनी कारखान्याला ठेवावीत, माझ्या सुकटीला नको. आज बदलापूरच्या शिरगावात, सातव्या मजल्यावर माझ्या सुनेने स्वयंपाकघरात धूर ओढणारं यंत्र बसवलंय, त्यामुळे घरात कशाचाच वास येत नाही. मला तिथे उभं राहिलं की आपण जेवलो की नाही तेच कळत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या भिंतीपलीकडच्याच एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. कापडाला लागणारे रंग तिथे बनत. अण्णांची नखं कधी जांभळी, कधी पिवळी असत आणि ते आंघोळ करायचे तेव्हा मोरीतून निघणारं पाणी बघून आम्हाला कळायचं की आज कारखान्यात कुठला माल चढलाय. माणूस शांत. संगमेश्वराकडच्या गावातून येऊन, यंत्रांची नावं ऐकून ऐकून पाठ करून, हेल्परचा ऑपरेटर झालेला. पाळी कुठलीही असो, घरी आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज कसं होतं?" तो प्रश्न आईच्या दम्याबद्दल असायचा.

तो दमा मला आजही ऐकू येतो. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचच्या सुमाराला आई एकदम उठून बसायची. छातीतून बारीक शिट्टी निघायला लागायची, मग शिट्टीची करवत व्हायची, आणि आई दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून एकेक श्वास ओढून आणायची. अण्णा घरी असले तर मागे बसून तिची पाठ चोळायचे. त्यांचे हात मोठे होते, खरखरीत, आणि कितीही साबण लावला तरी त्यांना कारखान्याचा वास यायचा. आई म्हणायची की या हातांनी पाठ चोळली की निम्मा श्वास परत येतो. बाकी उपाय म्हणाल तर अडुळशाचा काढा झाला, आळशीचं पोटीस झालं, केळं बंद झालं, दही बंद झालं. आईला दही नाही म्हणून अण्णांनीही दही सोडलं, ते मरेपर्यंत. डॉक्टर म्हणाले की पहाटेची थंड हवा बाधते, म्हणून खिडकीच्या फटींत आम्ही चिंध्या कोंबल्या. तरी काही उतार पडेना. गुण फक्त एकाच गोष्टीने यायचा. आई शुक्रवारी देवीचा उपास करायची आणि शनिवारची पहाट हमखास सुखाची जायची. आईची त्यावर ठाम श्रद्धा होती. सगळेच वार उपास केला तर, असंही तिने एकदा बोलून दाखवलं, तेव्हा अण्णा पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

मी दहावीत होते त्या थंडीत आईची अवस्था फार वाईट झाली. दिवाळी संपते न संपते तोच दमा सुरू झाला. ती भाकरी थापताना मधेच थांबायची, आणि तवा रिकामा तापत राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं की यांना या हवेतून हलवा, नाहीतर एखाद्या पहाटे आटोक्यात येणार नाही. मामाचं पत्र आलं. ठरलं असं की संक्रांत झाली की आईने माहेरी जायचं, कायमचं, आणि तिचं करायला मी सोबत जायचं. शाळा सोडून. मामाच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. अण्णा इथे एकटे राहून पैसे पाठवणार. हे ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं, आईपेक्षा दहावी मोठी नव्हती. पण मी मनात पक्कं केलं की संक्रांतीला अजून दीड महिना आहे, तोवर आईचा हा दमा नेमका पहाटे पाचलाच का येतो ते शोधून काढायचं. मी हट्टी होते. अजून आहे, हवं तर सुनेला विचारा.

आम्हाला विज्ञान आणि भूगोल दोन्ही प्रधान सर शिकवायचे. उंच, वाकलेले, खडूने माखलेले. त्याच सुमाराला ते वातावरण शिकवत होते आणि वर्गात लावायला मोठा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं होतं. खाली तपांबर, आपण राहतो ते, ढग-पाऊस-वारा सगळं त्यातलं. त्यावर स्थितांबर, मग मध्यांबर, आयनांबर, आणि सगळ्यात वर बाह्यांबर, जिथे हवा संपत संपत नाहीशी होते. तपांबरात वर वर जावं तसं गार होत जातं, साधारण एकशेपासष्ट मीटरला एक अंश, हे आम्ही घोकलं होतं. बाजूला हवेचं कोष्टक: नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर टक्के, ऑक्सिजन एकवीस टक्के, आणि उरलेल्या एका टक्क्यात बाकीचे सगळे वायू. ते एकवीस लिहिताना माझा हात थांबला होता. निसर्गाने सगळ्या पंगतीला सारखं वाढलंय, मग आईच्याच पानातलं कोण काढून घेतं, असं मला वाटलं आणि रडू आलं. सरांनी पाहिलं आणि शिकवणं चालू ठेवलं. ते स्थितांबराबद्दल सांगत होते. तिथे उलटं असतं, म्हणाले. खाली गार, वर गरम. गार हवा जड, ती खालीच बसते. गरम हवा हलकी, ती वरच राहते. मग कोण कशाला जागचं हलेल? म्हणून तिथली हवा थरावर थर झोपून असते.

हे ऐकलं आणि सोडून दिलं असतं, पण मधे जनाबायच्या बकऱ्या आल्या. जनाबायकडे सात बकऱ्या होत्या आणि थंडीत ती त्यांना पहाटेच, काळोख असताना, गावामागच्या टेकडीवर घेऊन जायची. एकदा आईला जरा बरं वाटल्यावर मी ओट्यावर बसले होते, कुडकुडत, तर ती उतरून येताना दिसली, डोक्यावरचा पदरही सैल.

"आजी, एवढ्या थंडीत वर कशाला नेता? वर तर जास्त गारठा असेल," मी शहाणपणा शिकवला.

"कोन बोल्ला गो तुला?" ती हसली. "वर ऊब हाय. थंडीत रामपारी वर ऊब आन खाली गारठा. खाली ठेवल्या का बकऱ्या खोकतान. माजी सासू बी वरच न्यायची."

"पुस्तकात उलटं आहे."

"मंग पुस्तकाला ने उद्या माज्यासंगं."

दुसऱ्या दिवशी मी गेले. टेकडी काही मोठी नव्हे, पाऊण तासाचीसुद्धा चढण नाही. अर्ध्यावर आलो तेव्हा मला काय होतंय ते कळेना. गालाला लागणारा गारठा एकाएकी सुटला, जसं काही मी थंड पाण्याच्या हौदातून वर डोकं काढलं. माथ्यावर तर शालही नकोशी झाली. आणि खाली पाहिलं तेव्हा कारखान्यांच्या दिव्यांच्या उजेडात चिमण्यांचे धूर दिसले. धूर सरळ वर येत होते, एका ठरावीक उंचीपर्यंत, आणि तिथे कोणीतरी तळहात आडवा धरावा तसे थांबून आडवे पसरत होते. दुधावर साय धरावी तसा तो थर गावावर धरला होता, गावावर झाकणच ठेवलेलं. त्याच्याखाली आमचं घर, खिडकीत चिंध्या कोंबलेलं. मी बराच वेळ बघत राहिले. जनाबाय म्हणाली, "रोजच तर आस्तं. ऊन चरलं का उठतं."

मी शाळेत धावत गेले आणि सरांना सांगितलं की पुस्तक चूक आहे. सर रागावले नाहीत. म्हणाले, "पुस्तक सरासरी सांगतं, सुमन. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला चिकटलेली हवा निवते, आणि वरची मात्र गरम राहते. मग काय होईल?" मी तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, म्हणजे पहाटे आमच्या गावावर एक लहान स्थितांबर उतरतं." सरांनी खडू खाली ठेवला. "उतरत नाही, खालूनच तयार होतं. पण कल्पना बरोबर. आता मोजून दाखव. वर आणि खाली, एकाच वेळी. नुसतं ऊब वाटली, गार वाटलं, हे मी ऐकणार नाही."

दोन थर्मामीटर हवे होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवेत असं सांगून मी अण्णांना उल्हासनगरला नेलं. कॅम्पातल्या एका दुकानात शाळेचं सामान मिळायचं. दुकानदार सिंधी काका, मोठे गोड बोलणारे, त्यांनी दोन लाल रेघेचे थर्मामीटर काढून ठेवले आणि म्हणाले, "बेबी, आँख बंद करके ले जाओ, दोनों एक ही माँ के बच्चे हैं." पहिल्या दिवशी मी एक वर नेला आणि एक खाली ठेवला, आणि आकडे आले ते पुस्तकासारखे; वर थोडं गारच. मी दिवसभर जेवले नाही. माझ्या गालाला लागलेली ऊब खोटी होती काय? रात्री दोन्ही थर्मामीटर पाण्याच्या एकाच तांब्यात उभे केले, तेव्हा उलगडा झाला. एकाच आईची लेकरं होती खरी, पण त्यातलं एक चार अंशांनी खोटं बोलत होतं. आयुष्यात पुढे मी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना हेच सांगितलं, की जगाला खोटं म्हणायच्या आधी आपली मोजपट्टी तांब्यात बुडवून बघा.

आता खाली कोणीतरी वाचणारं हवं होतं. जनाबायला आकडे येत नव्हते. आईला येत होते, ती चौथी शिकलेली. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, पण तू बाहेर अंगणात कशी बसशील? आई म्हणाली, "आत बसून तरी कुठे सुटतेय? माझा दमा आहे, मीच मोजते." अण्णांची त्या दिवसांत रात्रपाळी होती आणि सुट्टीच्या रात्री ते गाढ झोपायचे, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. ठरलं असं की आईने नाकातोंडावर ओला पंचा बांधून अंगणात बसायचं. मी माथ्यावरून बॅटरी हलवली की तिने आकडा वाचायचा, वाचून झाला की कंदील उंच धरायचा, आणि लगेच घरात जायचं. अशा आम्ही आठ पहाटा मोजल्या. चार अंशांची लबाडी वजा केल्यावर वरची हवा दर वेळी तीन-साडेतीन अंशांनी गरम निघाली. आई तिचे आकडे माझ्या वहीत लिहायची, मोठे मोठे, पाटीवर काढल्यासारखे, आणि पुढे स्वतःहून एक जादा रकाना तिने पाडला. त्यात लिहायची, "दमा आला", "दमा आला", "फार आला". एका शनिवारी तिने लिहिलं, "नाही."

त्या शनिवारी झाकण होतं. आकडे तसेच, गारठा तसाच. मग दमा का नाही? मी वरून काय वेगळं दिसलं ते आठवत राहिले आणि मला आठवलं. रोज पाचच्या आत-बाहेर रंगाच्या कारखान्याच्या मागच्या बुटक्या चिमणीतून एक पिवळट पांढरा लोट निघायचा, दहा-पंधरा मिनिटं. तो मोठ्या धुरांसारखा वर जायचा नाही. थोडा उठायचा आणि आमच्या आळीवर बसायचा. शनिवारी तो निघाला नव्हता. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, शुक्रवारची रात्रपाळी नसतेच. आईला मी हे दाखवलं तेव्हा तिने वही बराच वेळ मांडीवर धरून ठेवली. "म्हणजे देवीचं त्यात काही नाही?" तिने विचारलं. मी तिच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग तीच म्हणाली, "असू दे. उपास मी सोडायची नाही."

तो कारखाना अण्णांचा होता. पण कारखान्यात शंभर माणसं होती, आणि मी दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांना अगदी सहज विचारलं, "अण्णा, तुमच्या मागच्या बुटक्या चिमणीतून पहाटे काय सोडतात?"

अण्णांना आनंदच झाला. मुलीने कामाबद्दल विचारलं की त्यांना बरं वाटायचं. "तो व्हेंट. मोठ्या भांड्यात गॅस साठतो, तो बाहेर काढावा लागतो, नाहीतर भांडं फुटेल. पूर्वी भर दुपारी सोडायचे. पोरांचे डोळे चुरचुरायचे, बायका वाळवण उचलून पळायच्या, शिव्या घालायच्या. मला ते बघवेना. साहेबाशी भांडलो. म्हटलं, पहाटे सोडू. माणसं दारं लावून गुडूप झोपलेली असतात, वारा नसतो, गॅस गुपचूप सरळ वर निघून जातो. आता कुठलीही पाळी असो, पहाटे पाच म्हणजे पाच. नियम माझा आहे." आणि वरणात भात कालवत म्हणाले, "तेव्हापासून गावातून एक तक्रार नाही बघ."

चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आईने ऐकलं होतं. तिने अण्णांच्या पानात भाकरी वाढली, तूप वाढलं आणि माझ्याकडे नजर टाकली, ती मी विसरू शकत नाही. ते कामावर गेल्यावर तिने माझा दंड धरला. "हे त्यांना सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

"आई, मग आपण गावी जायचं? तू तिथे, अण्णा इथे?"

"जाऊ. दमा मी सोसेन. पण आपल्याच हातानं झालं हे त्यांना नाही सोसायचं. तुला तुझा बाप कळत नाही अजून."

दोन दिवस मी गप्प राहिले. शपथ मोडली की आई मरते असं तेव्हा वाटायचं, आणि शपथ पाळली तरी आई मरणारच होती. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की माणसाला त्याची चूक न सांगणं ही माया असेल, पण त्याचा मान नव्हे. मात्र तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही. अण्णांची दुसरी पाळी लागली, ते पहाटे घरी असणार होते. मी म्हटलं, "अण्णा, प्रदर्शनाची मोजणी बघायला वर चला ना." आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती अडवणार. पण ती उठली, पंचा भिजवला आणि कंदील घेऊन अंगणात जाऊन बसली.

टेकडीच्या अर्ध्यावर अण्णा थांबले, मी थांबले होते तिथेच, आणि हवेत हात फिरवून म्हणाले, "अरेच्चा, इथे गरम कसं?" माथ्यावर मी त्यांच्या हातात थर्मामीटर दिला. यंत्राचा काटा वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तो डोळ्यांच्या रेषेत धरून वाचला, झाडाला टांगला, पुन्हा वाचला. मी झाकण दाखवलं. आडवे झालेले धूर दाखवले. ते नुसते "हं, हं" करत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं, दुसरं काही नाही. मी बॅटरी हलवली. खाली अंगणात आईने कंदील उंच धरला. एरवी ती मग लगेच आत जायची, त्या दिवशी कंदील हलला नाही.

तेवढ्यात बुटक्या चिमणीतून लोट निघाला. अण्णांच्या जागी दुसरा ऑपरेटर होता, नियम अण्णांचा होता. लोट थोडा उठला, वाकला, आणि अगदी सावकाश आमच्या आळीकडे वळला. आधी जनाबायचा गोठा दिसेनासा झाला. मग आमचं छप्पर. कंदील काही क्षण पिवळा ठिपका होऊन राहिला आणि मग तोही दिसेना.

"खाली कोण आहे?" अण्णांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"आई."

अण्णा पळत सुटले. त्यांची एक चप्पल तिथेच राहिली. मी मागून उतरले तेव्हा त्यांनी आईला उचलून आत नेलं होतं. आई गुडघ्यांवर हात रोवून बसली होती, करवत चालू होती. आणि अण्णा, जे अशा वेळी एका ढांगेत तिच्या मागे जाऊन बसायचे, ते भिंतीला टेकून उभे होते, आपले दोन्ही हात समोर धरून बघत. मी पाठ चोळली. मला वाटलं होतं मी जिंकेन. तसं काही वाटलं नाही.

त्याच सकाळी आंघोळ न करता ते कारखान्यात गेले. साहेब हसले म्हणे, "तूच तर भांडून पहाटेची वेळ घेतलीस." अण्णा म्हणाले, "भांडलो, चुकलो. आता त्याच तोंडाने परत भांडतोय." माझी वही त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी आकडे बघितले आणि आईचा रकानाही बघितला. "गाव दगड मारेल," ते म्हणाले. "मारू दे. मी बाहेर उभा राहतो," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून व्हेंट दुपारी दोनला उघडायला लागला, उन्हाने झाकण उठून गेल्यावर, वारा मोकळा असताना. आणि अण्णा पहिले आठ दिवस खरंच दोन वाजता आळीच्या तोंडाशी उभे राहिले. लोट वर चढायचा, फाटायचा, विरायचा. थोडा वास खाली यायचाच. बायका बोलायच्या, ते ऐकून घ्यायचे. जनाबायच्या ओट्यावर जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं की पहाटेचा गॅस माझ्या सांगण्यावरून सुटत होता. तिने हातातला पाला बकऱ्यांपुढे टाकला. मग म्हणाली, "माज्या बकरीची दोन पाटरां मेली थंडीत, मी बोल्ले कुनाची दिष्ट लागली." होळीपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही, पण शेवग्याच्या शेंगा माझ्या हाती पाठवायची.

मला कोणी विचारलं तर मी सांगते की तो उपाय अपुरा होता. गॅस कुठेतरी जात होताच, कोष्टकातल्या त्या उरलेल्या एका टक्क्यात आपलं नाव घालत होता. तो पाण्याने धुवून सोडायचा मनोरा कारखान्यात बसला तो पुष्कळ वर्षांनी, पुष्कळ भांडणांनंतर, आणि त्यातल्या बऱ्याच भांडणांत अण्णा पुढे होते. आजही थंडीच्या पहाटे माझ्या गॅलरीतून बदलापूरवर तोच थर धरलेला दिसतो. नात मोबाईल दाखवून म्हणते, "आजी, आज एअर मॉडरेट आहे." मी म्हणते, कितव्या मजल्यावरची?

संक्रांतीला आम्ही गावी गेलो नाही. आईची पहाट सुधारली, दहातले आठ दिवस तिला जागच येईना. पण अण्णा बदलले. "आज कसं होतं?" हा प्रश्न त्यांनी विचारायचा सोडून दिला. मधूनच कधी दमा आलाच तर ते मला हाक मारायचे आणि स्वतः मोरीत जाऊन हात धूत उभे राहायचे. आई ते बघत असायची.

मग माझी परीक्षा तोंडावर आली असताना एका पहाटे आईला पुन्हा जोरात दमा आला. मी उठले, तिच्या मागे बसले. अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "आज शनिवार आहे. काल रात्री कारखाना बंद होता. आज तर कोणी काही सोडलंच नाही गं," आणि मोरीकडे वळले.

आईने हाताने मला बाजूला सारलं. दोन श्वास गोळा केले.

"माहितेय मला," ती म्हणाली. "दमा माझा आहे, तुमचा नाही. किती दिवस नुसते हात धुताय? या. चोळा."

अण्णांनी हात लुंगीला पुसले. पुन्हा पुसले. मग तिच्या मागे बसले आणि पाठ चोळायला लागले.